धूरपट्टी

१२ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता भोंग्याने आणला. एवढ्या मोठ्या आवाजाचा ट्रक ड्रायव्हर दुसरा नसेल. वाळूचा ट्रक लावायच्या आधीच गेटातून ओरडला, "तुझा भाऊ सापडला गं. सरहद्दीपलीकडच्या काचकारखान्यात आहे." आधी गल्लीला कळलं, मग मला.

हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मनात नव्हतं.

तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात आपली भट्टी विझवली. मी रांगत होते तेव्हा बाबांनी ती पेटवली आणि काच वितळवायची मूस बदलायचे दिवस सोडले तर तिच्यातला विस्तव कधी गेला नव्हता, हे तुला मी काय सांगायचं. मला वाटलं होतं विझवणं हे मोठं काम असेल. काहीच नव्हतं. फक्त कोळसा घालायचा नाही. सगळे रिकाम्या हातांनी उभे होते आणि आई स्टूल ओढून भट्टीच्या तोंडासमोर बसली होती. आतला रंग उतरत गेला तशी ती मध्येमध्ये म्हणायची, "आहे अजून." मग एकदा तसं म्हणाली नाही आणि उठून आत गेली. मुशीत उरलेला रस थिजला आणि दुसऱ्या दिवशी तडकायला लागला. कोणी तरी दात खात असल्यासारखा आवाज यायचा.

स्वयंपाकघराची मागची भिंत गार पडलीय. भांडी घासून झाली की आई तिला पाठ टेकून बसायची ना, तशी अजून बसते. मग लगेच उठते. मांजर तर घर सोडूनच गेलं.

तुला वाटतं मी धूरपट्टीच्या बाजूची आहे. मी कोणाच्या बाजूची नाही. सरकारी कागदावर तिचं नाव कार्बन कर. लोकांनी घरपट्टी, पाणीपट्टीच्या रांगेत तिला बसवलं, एवढंच. पहिल्या वर्षी कोळशाच्या पावतीवर ती खाली कोपऱ्यात असायची. मग दर वर्षी चढत चढत कोळशाच्या खांद्याला लागली. नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याला सूट मिळाली. त्यांच्याकडे वकील होते. आपल्याकडे मी होते. छोट्यांना त्याच करातून विजेच्या भट्टीसाठी मदत मिळते असं कळलं, म्हणून मी अर्ज केला. जुनी भट्टी ठेवली असती तर भट्टीसकट सगळंच विकावं लागलं असतं. हे तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि तूही मान डोलावली होतीस.

मग नवी, विजेची भट्टी बसवणारा माणूस आला. त्याने तुला मीटरसमोर उभं केलं, म्हणाला, "वाचा, किती तापली ते." तू मीटरकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मला आकड्यांची भट्टी नको. भट्टी बघून कळते." फुंकनळी भिंतीला टेकवलीस आणि निघून गेलास. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाशील, सुपारी चघळशील, राग उतरला की येशील. ताट झाकून ठेवलं होतं.

नवी भट्टी चांगली आहे. खोटं कशाला बोलू. पण ती धडधडत नाही. नुसती गुणगुणते, सासरी नवीन आलेल्या मुलीसारखी.

आई बरी आहे. पत्र लिही.

ठिणगी

२० फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. भोंगा म्हणाला पत्र तुझ्या हातात दिलं आणि तू ते खिशात ठेवलंस. खिशात तरी ठेवलंस.

आपल्या कामाचं सगळं वेळापत्रक उलटं झालंय. आपण उजाडायच्या आत भट्टीवर असायचो, उन्हं चढायच्या आत फुंकून मोकळे. आता दुपारी कामाला लागतो. भर उन्हात सगळ्यांच्या गच्च्यांवरच्या सौर पत्र्यांतून वीज नुसती उतू जाते, तेव्हा ती स्वस्त मिळते. दिवस कलला की महाग. म्हणून वाळू दुपारी वितळवायची, ऊन तिरकं झालं की फुंकायला घ्यायचं. जोडकाका पहिल्या दिवशी म्हणाले, "आयुष्यभर दुपारी झोपलो, आता म्हातारपणी जागा राहू होय?" आणि स्टुलावर बसल्या बसल्या घोरायला लागले. कपांचे कान अजूनही तेच जोडतात. डोळे मिटून जोडले तरी सरळ बसतात.

कोळसेवाल्याला तू ओळखणार नाहीस. हात पांढरे झालेत. कोळशाच्या आवारात त्याने सौर पत्रे उभे केलेत आणि आता आपल्यालाच वीज विकतो. पण त्याच्याकडे पाट्या वाहणारे सगळे गेले. पत्रे काही पाटीत भरून वाहावे लागत नाहीत. त्यातला एक जण शिडी घेऊन घरोघरी पत्रे धुवत फिरतो, बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं. ओतकाम करणारे शेजारी अजून रडतखडत चालवतात. त्यांना मदतीचा अर्ज कोणी भरून दिला नाही. आता मी देतेय. त्यांच्याकडची सून सकाळी सांगत होती, मुलाचा खोकला या थंडीत आलाच नाही. असंही आहे, दादा. दोन्ही आहे.

आता कामाचं. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारे गृहस्थ आले होते. त्यांना मोठे चंबू हवेत, गोल बुडाचे, कलिंगडाएवढे. ते तुझ्याशिवाय कोणी केले नाहीत. मी त्यांना म्हटलं, होतील. का म्हटलं कोण जाणे.

मी नळी हातात घेतलीय. हसू नकोस. तुझ्यामागे कोणी तरी घ्यायलाच हवी होती. छोटी बरणी जमते. फुलदाणी जमते, जरा दारूड्यासारखी कलते, पण जमते. मोठा चंबू काही केल्या जमत नाही. फुगा बरा होतो आणि मग बूड एका बाजूला ओघळतं, लोंबतं, आणि खाली पडतं. जोडकाका म्हणतात, "पोरी, तू फुंकत नाहीस, भांडतेस." तू कसा करायचास? मी इतकी वर्षं समोर बसून बिलं लिहीत होते आणि मान वर करून कधी नीट पाहिलं नाही.

एवढं तरी सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर चंबूशी बोल.

आई ठणठणीत आहे. तुझं नाव काढत नाही.

ठिणगी

५ एप्रिल

दादा,

आज दुपारी भोंगा आला. मी चहा दिला, विचारलं, "दादा हल्ली काय फुंकतोय तिकडे?" तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. भोंगा गप्प बसला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"फुंकत नाही तो," म्हणाला. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.

"मग?"

"पॅकिंगला बसतो. गवतात. माल हातात घेतो, बोट फिरवतो, तडा असला की बाजूला ठेवतो. आधी होता भट्टीवर. एकदा नळीवरचा फुगा सुटला, दुसऱ्याच्या पायाजवळ पडला. कोणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आपणहून खाली जाऊन बसला."

"सुटला कसा? त्याच्या हातून?"

भोंग्याने कप खाली ठेवला. "तू बघितलेले नाहीत त्याचे डोळे," म्हणाला. "दुधाचा थेंब पडल्यासारखे झालेत दोन्ही. मी गेलो तर आवाजावरून ओळखलं. माझा आवाज काय, कोणीही ओळखेल. पण चहा ओतायला गेला आणि कपाच्या शेजारी ओतला."

मी उठून भट्टीवर गेले. रस तयार होता, काम टाकता येत नव्हतं. बरण्या केल्या. एकही बिघडली नाही आज.

आता मला सगळं दिसतंय. गेल्या उन्हाळ्यात तू पायरी चुकलास आणि चप्पल फाटकी आहे म्हणालास. बिलावर सही करताना कागद नाकापर्यंत न्यायचास. "ठिणगी, तूच वाच," म्हणायचास आणि मला वाटायचं मालक झालाय. आणि तो मीटर. तुला ते आकडे दिसलेच नव्हते. जुन्या भट्टीपुढे तुला डोळ्यांची गरज नव्हती. धडधड ऐकून, गालाला लागणारी धग ओळखून तू काम रेटत होतास. आणि मी एक मुकी भट्टी आणली आणि तिच्या कपाळावर बारीक आकडे लावले.

पण दादा, मोतीबिंदू. गल्लीत दर दोन घरांआड एकाला होतो. इतक्या जणांनी काढून घेतला. तुझा लवकर झाला, भट्टीच्या झगझगीत तोंडाकडे बघून बघून झाला, एवढंच. त्यात लपवण्यासारखं काय होतं? आईपासून? माझ्यापासून? तू राहिला असतास आणि नुसतं म्हणाला असतास "दिसत नाही," तर मी ते आकडे ओरडून सांगितले असते तुला. गल्लीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने.

मला राग आलाय. इतका आलाय की रडू येत नाही.

आणि आत्ता लिहिता लिहिता डोक्यात आलं. मग ही पत्रं तुला वाचून कोण दाखवतं?

ठिणगी

८ एप्रिल

वाचून दाखवणाऱ्यांना नमस्कार.

तुम्ही कोण हे मला माहीत नाही. बाई असाल, पुरुष असाल, वयाने मोठे असाल तर पाया पडते. माझा भाऊ हट्टी आहे. मध्येच "पुरे" म्हणेल, "पुढचं सोड" म्हणेल. कृपा करून सोडू नका. मी लिहिलंय ते तसंच वाचा, आवाज मऊ करू नका.

दादा, आता तुला. कोणासमोर बोलावं तसं लिहितेय, म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय. आपल्या घरातलं एक माणूस मध्ये बसलेलं नाही, परकं बसलंय. पण परकं तरी कसं म्हणू? माझ्याहून तेच तुझ्याजवळ आहे.

एक. डोळे दाखव. तिकडे सरकारी दवाखाना असेल. भोंगा म्हणतो आहे, कारखान्याच्या रस्त्यालाच आहे.

दुसरं. आमच्याकडे वर्तमानपत्रात आलंय, सरहद्दीवरही आता धूरपट्टी लागणार. कोळशावर भाजलेला माल, मग ती काच असो, लोखंड असो, इकडे येताना नाक्यावर ती भरल्याशिवाय सुटणार नाही. तुमचा माल सगळा इकडेच येतो ना? म्हणजे तुमच्या मालकांचा हिशोब बसणार नाही. ते आज ना उद्या भट्टी बंद करतील. तुला घाबरवायला सांगत नाही. तू ज्या गोष्टीपासून उठून गेलास ती तुझ्या मागोमाग तिथवर चालत येतेय, म्हणून सांगतेय. आपण दोघं एकाच बाजूला उभे राहिलो असतो तर बरं झालं असतं, एवढंच मनात येतं.

आणखी एक सांगायचंय आणि ते तिसऱ्या माणसापुढे सांगायला लाज वाटते. पहिल्या पत्रात मी म्हटलं की आईने सांगितलं म्हणून लिहिते. आईने नव्हतं सांगितलं. आईने तर बजावलं होतं, "लिहू नकोस, त्याला यायचं तेव्हा येईल." मीच लिहिलं. दिवस कलला, काम संपलं, नळ्या पाण्यात टाकल्या की तो चर्र आवाज होतो ना, तेव्हा तू रोज काही तरी फालतू विनोद करायचास. आता चर्र होतं आणि पुढे काहीच येत नाही. मी थोडा वेळ थांबते तरीही.

वाचणाऱ्यांनो, हे शेवटचं हवं तर गाळा.

नाही, गाळू नका.

ठिणगी

२ मे

ठिणगीस,

मी सांगतोय, पेटीवाला लिहितोय. हा इथे मालाच्या लाकडी पेट्या ठोकतो, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो. तोच वाचतो. चांगलं वाचतो, फक्त नाकात बोलतो, त्यामुळे तुला सर्दी झाल्यासारखी वाटते.

चंबूचं सांगतो. एका दमात रस घेऊ नकोस. आधी थोडा घे, छोटा फुगा कर, त्याला जरा निवू दे. मग त्याच्यावर दुसऱ्यांदा रस घे. बूड ओघळतं कारण तू नळी खाली धरतेस. टोक वर धर, म्हणजे रस तुझ्याकडे येईल. आणि फिरवणं थांबवू नकोस. घाम पुसायलासुद्धा नाही. घाम जोडकाकांना पुसायला सांग. फुंकायचं हळू, शेवटी शेवटी तर फुंकायचंही नाही, नुसतं तोंड लावून थांबायचं. आतली हवा तापून आपली आपण फुगते.

नाक्याचं खरं आहे. मालकांनी परवा सगळ्यांना बोलावलं. माल नाक्यावर अडकलाय. पावसाळ्याआधी भट्टी विझवणार म्हणाले. इथे पुष्कळ माणसं आहेत, ठिणगी. नळीवाले, मूसवाले, गवत भरणाऱ्या बाया. त्या बायांतल्या एकीने विचारलं, "मग आम्ही?" मालक म्हणाले, बघू. विजेची भट्टी कशी असते, किती माणसं लागतात, हे इथे कोणाला माहीत नाही. मालकांना कोणी तरी सांगितलंय की त्यात फार माल फुटतो. मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे आहे. ते म्हणाले, मग विचार.

तर विचारतोय. माल फुटतो का?

दवाखान्यात जाऊन आलो. पेटीवाला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिकलाय, आधीच यायला हवं होतं. एका वेळी एक डोळा करतात. तारीख दिली आहे, या महिन्याच्या शेवटाकडची. म्हणाल्या, घरचं कोणी असलं तर बरं.

मी म्हटलं, पेटीवाला आहे.

आईला सांग, जेवण ठीक आहे.

दादा

(मी पेटीवाला लिहितो. याने सांगितलं तेवढं लिहिलं. आता माझं. "पेटीवाला आहे" असं हा डॉक्टरीणबाईंना म्हणाला ते खरं, पण बाहेर आल्यावर बाकावर बराच वेळ बसून राहिला, चल म्हटलं तरी उठेना. शेवटी मला विचारलं, "इकडे यायला गाडी कुठली असते रे?" मी म्हटलं, कोणाला यायचंय? तर म्हणे, सहज विचारलं. ताई, मला विचाराल तर या. तुमची पत्रं मी जशीच्या तशी वाचली, फक्त रागाचं वाचताना याच्याकडे बघवेना, तेव्हा तेवढं जरा भराभर वाचलं.)

९ मे

दादा, पेटीवालेदादा,

येतेय.

माल फुटत नाही. सुरुवातीला फुटला, कारण आम्ही निवण्याच्या खोलीचं दार सवयीने लवकर उघडायचो. माणसं कोळसा ओढायला लागत नाहीत, हे खरं. ते मी मालकांपासून लपवणार नाही. पण नळीवर लागतात, गवतात लागतात, आणि भट्टी शांत असल्यामुळे बायकाही भट्टीवर येऊन काम शिकू शकतात. मी शिकले ना. सगळं नीट सांगेन. त्यांनी ऐकलं तर बरं.

चंबू झाला. काल. टोक वर धरलं आणि शेवटी नुसतं तोंड लावून थांबले. तो आपोआप गोल होत गेला, मी काही केलंच नाही असं वाटलं. जोडकाकांनी खरंच माझा घाम पुसला, त्यांच्या त्या कळकट फडक्याने. म्हणाले, "तिकडून त्याने सांगितलं आणि इकडे झाला, मग तो गेला कुठे?"

आईला डोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. ताटातली मिरची कधी चुकून खात नव्हता, गेल्या वर्षी तीनदा चावला." एवढं तिला दिसलं होतं आणि बोलली नाही. तुम्ही दोघं एका साच्यातले आहात.

मी नसताना भट्टी ती सांभाळणार आहे. हो, आईच. तिला मीटर वाचता येतो. मी शिकवलं नाही, दुपारी एकटी समोर बसून शिकली. आकडा चढायला लागला की म्हणते, "बाई तापल्या." नव्या भट्टीला ती बाई म्हणते. ती तुझं नाव काढत नाही म्हणून लिहिलं होतं ना मी, तेही अर्धंच खरं. ती बाईशी बोलताना काढते.

भोंग्याच्या ट्रकने येईन. आवाज आला की समजा.

ठिणगी

२४ मे

दादा,

तू माझ्यापासून हातभर अंतरावर आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. तुझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. उजव्याने तुला फक्त उजेड आणि काळोख कळतो, म्हणून मी लिहितेय हे तुला दिसत नाही. मघाशी विचारलंस, "कसली खरखर आहे?" मी म्हटलं, उंदीर असेल. तू म्हणालास, "दवाखान्यात?" आणि पुन्हा झोपी गेलास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी निघाली की चेहरे दिसतील, पण बारीक अक्षरांना चष्मा लागेल. म्हणून हे मोठ्या अक्षरांत लिहितेय. सिस्टरनी जुन्या कॅलेंडरची पानं दिलीत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर. एका पानावर मोजक्याच ओळी मावतात, त्यामुळे थप्पी झालीय.

तुला भेटले तेव्हा तू कारखान्याच्या गेटाशी उभा होतास, ट्रकच्या आवाजाकडे तोंड करून. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी उतरून समोर आले तरी तू ट्रकच्याच दिशेने बघत होतास. सगळ्या वाटेत ठरवत आले होते काय काय बोलायचं, आणि तिथे तुझी बटणं सोडली आणि पुन्हा नीट लावली. तू म्हणालास, "हात भाजलेत तुझे." चट्टे तुला बोटांना लागले. मग म्हणालास, "चांगले भाजलेत. नळीवाल्यासारखे."

काल तू ऑपरेशनला आत होतास तेव्हा कारखान्यात जाऊन मालकांशी बोलले. त्यांना सगळं सांगितलं, आपल्याकडचं चांगलं आणि वाईट. ते हिशोबी आहेत, चेहऱ्यावर काही येऊ देत नाहीत. शेवटी म्हणाले, दोन माणसं तुमच्याकडे बघायला पाठवतो, मग ठरवू. गवत भरणाऱ्या त्या बाईंनी मला बाहेर गाठलं. म्हणाल्या, "आमच्यातल्या किती राहतील?" मी म्हटलं, सगळ्या नाही राहणार. त्यांनी मान डोलावली. पुष्कळ वेळ माझा हात धरून उभ्या होत्या. त्या दोन माणसांत एक म्हणून त्यांना घ्या असं मी मालकांना सांगितलंय. घेतील की नाही माहीत नाही.

पेटीवालेदादा रोज डबा घेऊन येतात. खरंच नाकात बोलतात. त्यांनी माझी पत्रं मला वाचून दाखवली, मी विचारलं म्हणून. माझे शब्द त्यांच्या आवाजात ऐकले तर मी फार शहाणी बाई वाटले. तुझी खाट त्यांच्या खाटेपासून किती दूर आहे तेही बघून आले. हात लांब केला तर लागते. इतके महिने हे माणूस तुझ्या जवळ होतं, हे बघून बरं वाटलं आणि हेवाही वाटला.

सकाळी तू विचारलंस, नवी भट्टी गुणगुणते म्हणजे कशी? मी करून दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही ऐकलं आणि म्हणाले, "बाईला सर्दी आहे." तू हसलास. पट्टी हलते म्हणून सिस्टर ओरडल्या. मग तू थोड्या वेळाने, पाणी मागावं इतक्या सहज म्हणालास, "घरी गेल्यावर बघू, ऐकून कळते का तापलेली."

घरी गेल्यावर, असं म्हणालास. मी काहीच झालं नाही अशा थाटात संत्रं सोलत राहिले. सोललं आणि सगळं मीच खाल्लं, तुला द्यायचं विसरले.

मला तुला विचारायचं नव्हतं. वाटेत शपथ घातली होती स्वतःला की येतोस का हे विचारायचं नाही. तुला इथेच राहायचं असेल, या माणसांबरोबर पुढे जे होईल ते बघायचं असेल, तर तेही मला कळलं असतं. कळून घेतलं असतं. पण घर कसं रिकामं झालं होतं ते तुला माहीत असावं, म्हणून एवढं लिहितेय. विजेचं बिल भरताना, वाळू चाळताना, दुपारी त्या पांढऱ्या उन्हात गल्ली अगदी सामसूम असताना, कोणी चप्पल घासत चाललं की मी मान वर करायचे. तू पाय ओढत चालतोस ना. या गल्लीत पाय ओढत चालणारे इतके लोक आहेत हे मला तू गेल्यावर कळलं.

भट्टी विझली त्याचं मला दुःख झालं, दादा. तुला कधी दिसलं नसेल, कारण अर्ज मी भरला होता. जे करायला हवं होतं ते केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण ती विझताना माझ्या बाजूला तू उभा असायला हवा होतास. आपण दोघांनी मिळून बघायचं होतं ते. भट्टीला मी इतकं नाही रडले, जितकं त्या रिकाम्या जागेला.

डॉक्टरीणबाईंच्या सँडलचा आवाज येतोय, पट्टी काढायला आल्या असतील. तू जागा झालास, उशाशी हात फिरवतोयस. मी आहे इथे, म्हटलंय तुला.

हे तुझ्या हातात देते. कितीही वेळ लागू दे, स्वतः वाच, पेटीवालेदादांना देऊ नकोस. आणि वाचून झालं की मान वर कर. मी समोरच बसलेय.

ठिणगी